घरी मराठी वाचायला शिकवताना अख्खी मुळाक्षरं आधी नकोत

बरेच जण अ ते ज्ञ तक्ता भिंतीवर लावतात, पोरगं गाण्यासारखा म्हणून पण दाखवतं, पण मधलंच एखादं अक्षर विचारलं की गप्प. त्यापेक्षा न, म, क, र, ल एवढी 5च अक्षरं घ्या, यातून लगेच मन, कमल, नकल, नरम असे शब्द होतात आणि पहिल्या आठवड्यातच आपल्याला वाचता येतं असं मुलाला वाटतं, खरी गाडी तिथेच सुरू होते. मग फक्त काना, की लगेच काका, मामा, नाक, कान, मका.

पहिली वेलांटी मात्र घाईत उरकू नका. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि बोलताना नंतर, म्हणून मुलं अडखळतात, त्यात त्यांची चूक नाही ओ. घ-ध, भ-म एकाच दिवशी शिकवू नका, आणि ख चा 'रव' वाचला तर हसून घ्या, मोठ्यांचंही होतं.

रोज 10 मिनिटं बास. दुकानांच्या पाट्या, एसटीचा बोर्ड, बिस्किटाचा पुडा, जे दिसेल ते वाचायला लावा. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. आणि रात्री गोष्ट वाचताना ओळीखालून बोट फिरवत जा.