गावात धंदे का येत नाहीत? सरकारांचं आपसात कसं चाललंय ते तपासायची पद्धत

कारखाने येत नाहीत, नोकऱ्या नाहीत म्हटलं की लोक सगळ्यात आधी महापौराला शिव्या घालतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा त्याच्या हातात काही नसतंच. केंद्र, राज्य किंवा प्रांत आणि महापालिका यांनी कामं आणि पैसे आपसात कसे वाटून घेतलेत यावर बराच खेळ असतो. हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही, बजेटची पुस्तकं चाळायचा कंटाळा नसला म्हणजे झालं.

पूर्ण शहर एकदम घेऊ नका, डोकं फिरेल. एकच गोष्ट घ्या, समजा औद्योगिक भागाकडे जाणारा रस्ता. कागदावर तीन रकाने आखा. निर्णय कोण घेतं, खर्च कोण करतं, आणि रस्ता झाल्यावर धंदा वाढला तर वाढलेला टॅक्स कुणाकडे जातो. तिसरा रकाना लोक हमखास विसरतात आणि खरी मेख तिथेच असते. ट्रक, धूळ, सांडपाणी खालच्यांच्या वाट्याला आणि टॅक्स सगळा वर जाणार असेल तर पालिका कशाला धावपळ करेल? चीनमध्ये १९९४ ला टॅक्सची वाटणी बदलली, केंद्राचा हिस्सा वाढला पण शाळा, दवाखाने, रस्ते बरेचसे खालीच राहिले, मग खालच्या सरकारांनी काय केलं तर जमिनीचे हक्क विकून पैसा उभा करायला लागली. शहरं झपाट्याने वाढली खरी, पण जमिनीचा बाजार पडला की तिजोरी रिकामी.

मग अनुदान बघा. किती मिळतं यापेक्षा कसं मिळतं ते जास्त महत्त्वाचं. ठराविक कामालाच बांधलेलं आहे की मोकळं? वर्षाच्या सुरुवातीला येतं की शेवटच्या महिन्यात, म्हणजे मग घाईघाईत कुठेतरी फरशा बसवून संपवायचं? आणि 'तुम्ही निम्मे घाला, आम्ही निम्मे देतो' असली योजना असेल तर जरा सावध, कारण ज्या गावाकडे स्वतःचे निम्मे नाहीत त्याला ती मिळतच नाही आणि श्रीमंत शहर अजून पुढे जातं. कारखाना टाकणारा पंधरा-वीस वर्षांचा हिशोब करतो, त्याला दरवर्षी बदलणारं अनुदान म्हणजे पुढच्या वर्षी पाणी येईल का नाही असंच वाटणार ना.

परवानग्यांचं तर विचारूच नका. एक खिडकी योजना सगळेच मिरवतात, तिथे जाऊन एवढंच विचारा की ही खिडकी स्वतः हो किंवा नाही म्हणू शकते का. उत्तर 'आम्ही फाइल पुढे पाठवतो' असं आलं तर ती खिडकी नाही, टपालपेटी आहे. दुसरं, सह्या एकामागून एक होतात की सगळ्या खात्यांकडे एकदम कागद जातात? एकामागून एक असतील तर एक साहेब रजेवर गेला की सगळं ठप्प.

आता शेजारी. टॅक्स कमी करून कंपन्या ओढायच्या, हे ऐकायला भारी वाटतं. जर्मनीत गेवेर्बेस्टॉयर नावाच्या व्यवसाय कराचा दर पालिका ठरवते. नॉर्डरफ्रीडरिश्कोग नावाचं चाळीसेक माणसांचं खेडं, तिथे हा कर शून्य होता, तर बड्या कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या घरातल्या खोल्या भाड्याने घेऊन पाटी लावली 😄 शेवटी २००४ ला वरून कायदा आला की पालिकेचा गुणक, म्हणजे मूळ दराला ज्या आकड्याने गुणून कर काढतात तो, २०० टक्क्यांच्या खाली नेता येणार नाही. २००८ पासून मूळ दर ३.५ टक्के, म्हणजे २०० टक्के गुणकाने ७ टक्के कर आलाच. अमेरिकेत कॅन्सस सिटी दोन राज्यांच्या हद्दीवर पसरलेली आहे, तिथे दोन्ही राज्यं सवलती देऊन एकमेकांच्या कंपन्या रस्त्यापलीकडे खेचायची, माणसं तीच, काम तेच, फक्त पत्ता नवा आणि तिजोरीला खड्डा. २०१९ ला दोघांनी हे थांबवायचं ठरवलं. म्हणून आपल्याकडे आलेली कंपनी खरंच नवीन आहे की शेजारून उचललेली, हे वेगळं मोजा. माझ्या मते उचललेलीला यश धरूच नये.

आणि ज्या गोष्टी हद्द पाळत नाहीत, बस, पाणी, कचरा, त्यात आजूबाजूच्या पालिका एकत्र बसतात का तेही बघा. इंग्लंडमधल्या ग्रेटर मँचेस्टरमध्ये दहा कौन्सिल, म्हणजे पालिका, आहेत. १९८६ पासून लंडनबाहेर बसचे मार्ग आणि भाडं बहुतेक खाजगी कंपन्याच ठरवायच्या, नुसतं एकत्र बसून उपयोग नव्हता, वरच्या सरकारनं अधिकार सोडायला हवे होते. २०१४ ला अधिकार खाली द्यायचा करार झाला, २०१७ ला बसचा कायदा आला आणि पहिला महापौर निवडून आला, आणि सगळ्या बस पालिकांच्या ताब्यात यायला जानेवारी २०२५ उजाडलं. दहा वर्षं लागली बघा.

रस्त्यासारखीच एकेक गोष्ट एकेका ओळीत लिहून झाली की तुमच्या तीन रकान्यांत एकाच ओळीत तीन वेगवेगळी नावं कुठे आलीत तिथे लाल पेन फिरवा. तेवढ्याच ओळी घेऊन नगरसेवकाकडे जा, आणि प्रत्येक ओळीसाठी विचारा की यातलं काय तुमच्या सभेत ठराव करून बदलेल आणि कशासाठी वरचा कायदा बदलावा लागेल. दुसऱ्या प्रकारच्या ओळी आमदार-खासदाराकडे न्या, नगरसेवकाच्या मागे लागून वेळ घालवू नका.