वेटसूट अंगाला नीट बसतोय का, ते घरच्या घरी कसं बघायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, आपल्या गोव्यात अश्वे, मांद्रे, मोरजी, हरमल इथे सर्फिंग करायला फुल वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब देणारा अंगभर रबरी सूट, लागतच नाही. आपल्या दर्याचं पाणी वर्षभर साधारण २६ ते ३० डिग्री असतं, त्यात रॅश गार्ड (अंगाला घट्ट बसणारा पातळ टी-शर्ट) आणि शॉर्ट्स पुरे झाले, फार तर डिसेंबर-जानेवारीत पहाटे उतरत असाल आणि अंगाने बारीक असाल तर पातळ टॉप घाला. पण आता आपली पोरं इथे शिकतात आणि मग कुणाचा काका लिस्बनला असतो, कुणाची बहीण इंग्लंडात, तिकडे गेल्यावर पोर्तुगालच्या एरिसेराला नाहीतर इंग्लंडच्या कॉर्नवॉलला पाण्यात उतरायचा प्लॅन होतो. पोर्तुगालला हिवाळ्यात पाणी १४-१५ डिग्रीपर्यंत उतरतं, कॉर्नवॉलला त्याहूनही खाली. मग इथूनच ऑनलाईन सूट मागवतात, आणि घालून बघताना नेमकी साईज चुकते.

का चुकते ते सांगतो. आपल्याकडे उकाडा. मे महिन्यात दुपारी तीन वाजता, पंख्याखाली, घामेजलेल्या अंगाने सूट चढवला की तो कातडीला चिकटतो, वर सरकतच नाही, जीव गुदमरल्यासारखा होतो, आणि माणूस म्हणतो लहान झाला, एक साईज मोठा मागवूया. तो मोठा सूट इथे आरामात बसतो आणि तिकडच्या पाण्यात पहिल्याच लाटेला आतून गार पाणी भरतं. म्हणून घालून बघायचं ते सकाळी किंवा एसी लावून, आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून. तेल, क्रीम, व्हॅसलिन काही लावू नका, व्हॅसलिनने निओप्रीन, म्हणजे सूटचं रबर, खराब होतं.

सूट फिट का हवा तर वेटसूट तुम्हाला कोरडं ठेवत नाही. पाणी आत येतंच. निओप्रीनमध्ये गॅसचे बारीक बुडबुडे असतात, ते ऊब धरून ठेवतात, आणि आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने गरम होऊन तिथेच थांबला पाहिजे. सूट ढगळ असला की ते गरम पाणी निघून जातं आणि नवीन गार पाणी येतं, दर लाटेला हेच. त्यामुळे जाड पण ढगळ सूटमध्ये तुम्ही पातळ पण फिट सूटपेक्षा जास्त कुडकुडू शकता. लोक ३/२ घेऊ का ४/३ यावर तासभर चर्चा करतात (पहिला आकडा छाती-पाठीची जाडी मिलिमीटरमध्ये, दुसरा हातापायांची) आणि फिटिंग पाच मिनिटंही बघत नाहीत, हे मला खरंच पटत नाही.

आता घालायची पद्धत, कारण अर्ध्या तक्रारी इथल्याच असतात. पायात प्लास्टिकची पिशवी घाला म्हणजे पाऊल सटकन जातं. मग घोट्यापासून थोडं थोडं वर ओढत न्या, बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, नखाने निओप्रीनला चीर पडते. सूट जांघेपर्यंत पूर्ण वर लागल्याशिवाय बाह्यांत हात घालूच नका. बरेच जण पाय अर्धवट ओढतात, मग वरचा भाग कमी पडतो, खांदे खाली खेचले जातात, आणि दोष साईजला देतात. चेन सुद्धा जबरदस्तीने ओढायची नाही, दोन्ही बाजू हाताने जवळ आणून कुणाकडून तरी लावून घ्या.

चढवून झाला की मान, काख, जांघ आणि कमरेच्या वरचा पाठीचा खोलगट भाग बघायचा, पाणी इथूनच घुसतं. कॉलर चारही बाजूंनी चिकटलेली हवी पण गिळताना त्रास नको. काखेत आणि जांघेत पोकळी नको. पाठीचं आरशात कळत नाही, त्यासाठी पलंगावर पालथे पडा, बोर्डवर असल्यासारखी छाती वर उचला आणि पॅडलिंग करा, म्हणजे हातांनी पाणी मागे सारल्यासारखं करा. त्या पोझिशनमध्ये पाठीला खळगा पडतो आणि सूट तिथून सुटतोय का ते लगेच दिसतं. घरातल्या कुणाला तरी सांगा, "अगो, जरा चिमटीत धरून बघ गे." कापड सहज मूठभर हातात आलं तर सूट मोठा. गुडघ्यामागे आणि कोपरात थोड्या चुण्या पडतात, त्या चालतात.

तसंच पडून दोन-तीन मिनिटं पॅडलिंग चालू ठेवा. खांद्याला ताण जाणवेल, पण दर वेळी रबर मागे खेचत असेल तर पाण्यात तासाभरात हात गळून जातील. उठून दोन्ही हात डोक्यावर न्या, उकिडवे बसा, खोल श्वास घ्या. श्वास अडला, बोटांना मुंग्या आल्या, चक्कर वाटली तर तो लहानच. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, पाय घोट्यापर्यंत. जमिनीवर घट्ट वाटणारच, पाण्यात निओप्रीन जरा सैल पडतं.

साईज चार्टमध्ये आधी उंची आणि छाती बघा, मग कंबर आणि वजन. बऱ्याच ब्रँडमध्ये एमटी, एलएस असे प्रकार असतात, म्हणजे मीडियम पण उंच, लार्ज पण बुटका. आपल्याकडे उंच-सडपातळ पोरं बाह्या पुरतात म्हणून लार्ज घेतात, त्यांनी एमटी शोधा. बायकांनी भावाचा सूट घालू नये, कंबर आणि छातीपाशी पोकळी राहतेच. आणि मुलांना शाळेच्या युनिफॉर्मसारखा वाढत्या अंगाचा म्हणून मोठा घेऊ नका, सगळ्यात लवकर गारठतात ती मुलंच. त्यापेक्षा सेकंडहँड पण मापाचा घ्या, शिवणी तेवढ्या ताणून बघा.

ग्रँड आयलंडला स्कुबाला जो सूट देतात त्याच्यावरून अंदाज लावू नका, डायव्हिंगचा सूट वेगळा असतो, त्यात खांदे एवढे मोकळे नसतात कारण तिथे पॅडलिंग करायचंच नसतं.

हे सगळं होईपर्यंत टॅग काढायचा नाही आणि सूट भिजवायचा नाही, बहुतेक ठिकाणी ओला झालेला सूट परत घेत नाहीत. ठेवायचं ठरलं की मगच टॅग काढा आणि निघायच्या आधी एकदा सकाळी सातच्या आत आपल्याच किनाऱ्यावर दहा मिनिटं घालून उतरा, कुठे घासतंय ते कळेल. ऊन चढल्यावर मात्र नको, एवढ्या गरम पाण्यात फुल सूटमध्ये अंग तापतं, आणि ते खरंच धोक्याचं असतं.