ऑफिसचं अ‍ॅप सहकाऱ्यांना देताना या चुका टाळा

गोडाऊनमधल्या काकांचा फोन माझ्या हातात होता. आमच्या स्टॉक मोजणीच्या अ‍ॅपचं अपडेट बसेना, स्क्रीनवर एकच ओळ: 'अ‍ॅप नॉट इन्स्टॉल्ड'. मी म्हटलं, "काका, जुनं काढा आणि नवं टाका." त्यांनी काढलं. सकाळपासून मोजलेले, सर्व्हरवर न गेलेले आकडे अ‍ॅपबरोबरच गेले आणि काकांना पहिल्या रॅकपासून परत मोजावं लागलं. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून हा सल्ला मी कुणालाच देत नाही.

चूक फाइलवरच्या डिजिटल सहीची होती. नवी एपीके (अँड्रॉइडची इन्स्टॉल करायची फाइल) जुन्याच किल्लीने साइन केलेली असेल, तरच अँड्रॉइड ती अपडेट म्हणून घेतं. डिबग बिल्डची, म्हणजे बनवताना चाचणीसाठी काढलेल्या फाइलची, किल्ली मात्र प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी तयार होते. पहिली फाइल माझ्या लॅपटॉपवरची, दुसरी सहकाऱ्याच्या, जुळणार कशी? म्हणून पहिल्याच दिवशी रिलीज कीस्टोअर (सहीची कायमची किल्ली ठेवायची फाइल) बनवा. तो आणि त्याचा पासवर्ड एकाच माणसाच्या ताब्यात ठेवू नका, तो माणूस नोकरी सोडून गेला की अडकलात. व्हर्जन कोड, म्हणजे आवृत्तीचा आकडाही दर वेळी वाढवा. आणि अँड्रॉइड स्टुडिओत 'रन' दाबून झालेली फाइल पाठवू नका. तिच्यावर 'टेस्ट ओन्ली'ची खूण असते, ती साध्या टॅपने बसत नाही.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एपीके टाकणं. लग्नपत्रिका, आरटीओ चलान अशा नावांच्या एपीके पाठवून लोकांची खाती रिकामी केली जातात. ग्रुपवर आलेली फाइल बिनधास्त टाकायची सवय आपणच सहकाऱ्यांना का लावायची? प्ले प्रोटेक्ट (फोनमधली गूगलची सुरक्षा तपासणी) बंद करायला तर कधीच सांगू नका. 100 जणांपर्यंत गूगल प्लेचं इंटर्नल टेस्टिंग (निवडक लोकांनाच देण्याची सोय) पुरतं. कायमचं अ‍ॅप असेल तर मॅनेज्ड गूगल प्लेवर (कंपन्यांसाठीच्या प्ले स्टोअरवर) खासगी म्हणून चढवा. फाइलच द्यावी लागली, तर अँड्रॉइड 8 पासून प्ले स्टोअरबाहेरचं इन्स्टॉल करायची परवानगी ज्या अ‍ॅपमधून ती उघडता त्याला द्यावी लागते. क्रोमला दिलेली फाइल मॅनेजरला चालत नाही. काम झालं की ही परवानगी बंद करायला लावा.

आयफोनवर कर्मचाऱ्यांसाठीचं एंटरप्राइझ सर्टिफिकेट (कंपनीने स्वतःच वाटप करण्यासाठीचा परवाना) बाहेरच्यांना वापरू देऊ नका. जानेवारी 2019मध्ये अ‍ॅपलने फेसबुकचं असं सर्टिफिकेट रद्द केलं, तेव्हा त्यांची कर्मचाऱ्यांसाठीची अ‍ॅप्सही बंद पडली. टेस्टफ्लाइट (आयफोनवर चाचणीसाठी वाटायची सोय) वापरत असाल तर पाठवलेलं बिल्ड 90 दिवसांनी संपतं. 80व्या दिवसाची आठवण आजच कॅलेंडरमध्ये टाका.