पायथनमधलं स्लायसिंग, बेळगाव ते लोंढा

लिस्ट म्हणजे काय हे माहीत आहे असं धरून चालतो. आपल्या भागात मराठी मीडियममधनं आलेली पोरं इंजिनिअरिंगला किंवा बीसीएला जातात आणि पहिल्या सेमिस्टरला पायथनमध्ये जिथं अडकतात ती जागा म्हणजे स्लायसिंग, म्हणजे लिस्टचा तुकडा काढायचा तो चौकोनी कंसातला कोलन. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, त्यामुळं खालचं सगळं जसंच्या तसं टाइप करून बघा की. फक्त कोडमधले आकडे इंग्रजीच पाहिजेत, मराठी आकडा घातला की सिंटॅक्स एरर येतो.

थांबे = ["बेळगाव", "देसूर", "इदलहोंड", "खानापूर", "गुंजी", "लोंढा"]

मोजणी शून्यापासून, म्हणजे बेळगाव ० आणि लोंढा ५. आता हे चालवा:

थांबे[1:4]

देसूर, इदलहोंड, खानापूर मिळतं. गुंजी ४ नंबरला आहे पण ती येत नाही, कारण पहिला आकडा धरायचा आणि दुसरा सोडायचा असा नियम आहे. इथंच सगळ्यांची गडबड होते आणि मग जो तो कुठंतरी एक मिळवतो नाहीतर एक वजा करतो, जमलं तर जमलं. त्यापेक्षा असं बघा, उसाचे तुकडे करताना कोयता जिथं पडतो ती जागा म्हणजे हा आकडा, तुकड्याचा नंबर नव्हे. ० चा घाव बेळगावच्या आधी, १ चा बेळगाव आणि देसूरच्या मधे, ४ चा खानापूर आणि गुंजीच्या मधे. एक आणि चारच्या घावांमधे जे राहिलं ते तुमचं.

ही पद्धत उगीच काढलेली नाही. 4 मधनं 1 वजा केला की किती आयटम मिळणार ते लगेच कळतं, तीन. आणि थांबे[:3] ला थांबे[3:] जोडलं की पूर्ण लिस्ट परत, मधला कुठला थांबा दोनदा येत नाही आणि गळतही नाही. शून्यापासून मोजावं आणि शेवटचा आकडा बाहेर ठेवावा याची बाजू डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञानं १९८२ मध्येच एका टिपणात मांडून ठेवली आहे.

आकडा रिकामा सोडला तर सुरुवात किंवा शेवट धरला जातो हे वर दिसलंच. मायनस म्हणजे शेवटाकडनं मोजायचं, थांबे[-2:] म्हणजे गुंजी आणि लोंढा, थांबे[:-1] म्हणजे लोंढा सोडून बाकी सगळे. एक छुपा खड्डा आहे इथं, शेवटचे काही आयटम पाहिजेत, किती ते न या व्हेरिएबलमध्ये आहे, म्हणून थांबे[-न:] लिहिलं आणि न शून्य निघाला तर रिकामी लिस्ट येत नाही, अख्खी येते, कारण मायनस शून्य म्हणजे शून्यच.

थांबे[50] केलं तर इंडेक्स एरर येतो पण थांबे[2:50] गुपचूप चालतं, आहे तेवढं देतं. सोयीचं आहे खरं, पण चूक लपून राहते, त्यामुळं उत्तर रिकामं किंवा कमी आलं तर आधी आकडे तपासा.

तिसरा आकडा म्हणजे उडी. थांबे[::2] ला बेळगाव, इदलहोंड, गुंजी. थांबे[::-1] ला लोंढ्याहनं परतीची गाडी. मधलाच भाग उलटा पाहिजे तर थांबे[4:1:-1], गुंजी, खानापूर, इदलहोंड. उडी न लिहिता नुसतं थांबे[4:1] केलं तर काहीच मिळत नाही. उडी शून्य दिली तर व्हॅल्यू एरर.

नवे = थांबे असं लिहिलं तर लिस्ट एकच राहते, नावं दोन, नवे मध्ये बदल केला की थांबे पण बदलतं. नवे = थांबे[:] केलं की वेगळी कॉपी. पण लिस्टच्या आत लिस्ट असेल तर आतली तीच राहते हां, कॉपी फक्त वरच्या थराची.

स्लाइस = च्या डावीकडं पण लिहिता येतं. नवे[1:3] = [] केलं की देसूर आणि इदलहोंड गायब, समजा तिथं न थांबणारी गाडी. पण नवे[1:1] = "देसूर" असं कंसाशिवाय लिहू नका, द, मात्रा, स, उकार, र असे पाच वेगळे आयटम घुसतात. ["देसूर"] लिहा.

आणि मराठी स्ट्रिंगला हेच सगळं लागू आहे, फक्त पायथनला अक्षर आणि मात्रा वेगळे दिसतात. "बेळगाव" आपल्याला चार अक्षरं, त्याला सहा. "बेळगाव"[:1] ला नुसता ब येतो, बे पाहिजे तर [:2]. "खानापूर"[-3:] ला पूर बरोबर येतं, पण "बेळगाव"[::-1] करून बघा, वागळेब येतं! मराठी नावं कापायची असतील तर रेजेक्स (regex) नावाचं वेगळं मॉड्यूल टाकून घ्या, त्यात मात्रेसकट अक्षर पकडायची सोय आहे, त्यानं अक्षरांची लिस्ट करा आणि मग त्या लिस्टवर स्लायसिंग चालवा.