लांबच्या गाडीत जेवणाची सोय कशी लावावी: स्लीपर आणि थर्ड एसीच्या प्रवाशांसाठी

लांबच्या गाडीत जेवणाचे हाल होतात ते बहुतेक वेळा वेळ चुकल्यामुळे. भूक लागते दीडला, मोठं स्टेशन अकरालाच मागे पडलेलं असतं आणि पँट्रीची, म्हणजे गाडीतल्या स्वयंपाकघराची, ऑर्डर त्याच्याही आधी घेऊन झालेली असते. त्यामुळे तिकीट काढलं की गाडीचं वेळापत्रक उघडा आणि निदान ५ मिनिटांचा थांबा असलेली स्टेशनं वेळेसकट लिहून काढा. दुपारी १२ ते २ आणि रात्री ७ ते ९ या वेळांत येणारी स्टेशनं जेवणाची. बाकीची पाण्याच्या बाटलीची.

नागपूरमार्गे जाणारी मुंबई-हावडा मेल घ्या. ती मुंबईहून रात्री सुटते, तेव्हा पहिलं जेवण घरीच उरकून निघावं. सकाळची न्याहारी घरून नेलेल्या डब्यातली. दुपारचं जेवण नागपूरला मागवावं. तिथे ते जरा लवकर हातात येतं, पण पुढे तेवढं मोठं आणि सोयीच्या वेळेचं स्टेशन नाही. बिलासपूर संध्याकाळी येतं, म्हणून तिथे पोळी-सुकी भाजी मागवून ठेवावी, रस्साभाजी नको. दोन तासांनी डबा उघडल्यावर पोळ्या रश्शात भिजलेल्या निघतात.

डबा

डबा पहिल्या दोन जेवणांपुरताच न्यावा. दुधात मळलेल्या दशम्या, धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी, लोणचं आणि गूळ हे उन्हाळ्यातही दीड-दोन दिवस टिकतं. माणशी एका जेवणाला ३-४ दशम्या धराव्यात. दशम्या पूर्ण गार झाल्यावर सुती फडक्यात गुंडाळून मगच डब्यात भराव्यात. गरम असताना झाकण लावलं तर आत वाफेचं पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी तार येते. ओलं खोबरं, परतलेला कांदा आणि उकडलेला बटाटा असलेलं काहीही पहिल्या जेवणातच संपवावं.

दहीभात हवाच असेल तर दही घालून नेऊ नका. दोन वाट्या मऊ भातात १ वाटी कोमट दूध आणि १ चमचा दही कालवून डबा बंद करा. चार-पाच तासांत तो डब्यातच लागतो आणि आंबट न होता खायला मिळतो. त्यापुढे मात्र ठेवू नये.

बाहेरून मागवताना

ऑर्डर फक्त आयआरसीटीसीच्या ई-केटरिंगवरून द्यावी. संकेतस्थळ, 'फूड ऑन ट्रॅक' ॲप किंवा १३२३ हा फोन, यांपैकी काहीही चालेल. दहा आकडी पीएनआर टाकला की वाटेतली स्टेशनं आणि तिथली उपाहारगृहं दिसतात. स्टेशन निवडा, पदार्थ निवडा, पैसे आधी भरा किंवा जेवण हातात आल्यावर द्या. प्रत्येक उपाहारगृहाची ऑर्डर घेण्याची शेवटची वेळ वेगळी असते, म्हणून निदान दोन तास हातात ठेवा. जैन जेवण हवं असेल तर ते देणारं उपाहारगृह आधीच शोधून ठेवा.

इथे चुका ठरलेल्या होतात. चार्ट लागताना बर्थ अपग्रेड झाला की डबा बदलतो आणि जेवण जुन्या डब्याकडे जातं. चार्ट पाहून उपाहारगृहाला नवा डबा-बर्थ फोनवर सांगा. गाडी दोन-तीन तास उशिरा असेल तरीही फोन कराच, नाहीतर जेवण वेळापत्रकाप्रमाणे तयार होऊन गार पडतं, किंवा रात्री उपाहारगृहच बंद होतं. दोन मिनिटांच्या थांब्यावर मागवू नये. आणि स्टेशन यायच्या आधी १० मिनिटं मोबाईल चालू, रेंजमध्ये आणि हातात असू द्या. माणूस दाराशी येऊन फोन करतो.

पँट्री

मेल-एक्स्प्रेसमध्ये पँट्रीचे दर ठरलेले आहेत. साधं शाकाहारी जेवण ८० रुपये, अंडाकरी जेवण ९०, चिकन करी जेवण १३०, शाकाहारी न्याहारी ४०. त्या ८० रुपयांत भात १५० ग्रॅम, चार पोळ्या किंवा दोन पराठे, डाळ किंवा सांबार १५० ग्रॅम, भाजी १०० ग्रॅम, दही ८० ग्रॅम आणि लोणच्याची पुडी यायला हवी. हातात देताना 'स्पेशल थाळी' म्हणून जास्त पैसे मागितले जातात, त्यामुळे ऑर्डर देताना 'स्टँडर्ड व्हेज मील' हे शब्द वापरा आणि छापील दरपत्रक मागा. बिल मागायला लाजू नका: बिल दिलं नाही तर जेवण फुकट, असा रेल्वेचाच नियम आहे. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. झाकणाचं सील तपासून घ्या.

दुपारची ऑर्डर घ्यायला माणूस सकाळी फिरतो, रात्रीची घ्यायला संध्याकाळी चार-पाचच्या सुमारास. तेव्हा झोपलेले असाल तर शेजाऱ्याला सांगून ठेवा. राजधानी, दुरांतोचं गणित निराळं: जेवण हवं की नको हे तिकीट काढतानाच विचारतात. तिथे 'नको' निवडून गाडीत मागितलं तर मूळ दरावर ५० रुपये जादा लागतात.

डब्यात बसून जेवताना

मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ उघडता येतो. तो उघडला की खालच्या बर्थवर ताठ बसून जेवणं अशक्य, म्हणून साडेनऊपर्यंत ताटं आवरा. साइड लोअरवर आरएसीचे, म्हणजे एकाच बर्थवर जागा मिळालेले, दोघं असतील तर आळीपाळीने जेवणं सोपं जातं.

मोबाईलच्या प्लगवर इलेक्ट्रिक किटली लावणं गुन्हा आहे, शिवाय आगीचा धोकाही. बाळाच्या दुधासाठी गरम पाणी थर्मासमध्ये आणावं किंवा पँट्रीतून मागून घ्यावं.

जेवण खराब निघालं, वजन कमी वाटलं किंवा जादा पैसे घेतले, तर खाण्याआधी ताटाचा आणि बिलाचा फोटो काढा. मग १३९ वर किंवा रेल मदद ॲपवर गाडी क्रमांक, डबा, बर्थ आणि वेळ देऊन तक्रार करा. ती गाडीत असतानाच करा. पँट्रीचा व्यवस्थापक तेव्हाच तुमच्या बर्थपाशी येऊन जेवण बदलून देऊ शकतो.