आरएक्स १००चं पोर्टिंग: कुठं घासायचं, कुठं थांबायचं

लातूर-परभणीकडं पोरं अजून यामाहाची आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक गाडी जिवापाड जपायलेत, त्यांच्यासाठी हे. पोर्टिंग म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल यायच्या आन् धूर जायच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून नीट करणं. ९८ सीसीचंच इंजिन, पण ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो भाग) उघडला की एक्झॉस्ट पोर्टात (धूर जायच्या वाटेत) काळा कार्बन थापलेला दिसतो, आधी तो लाकडाच्या पट्टीनं खरवडून काढा, तेवढ्यानंच गाडी मोकळी होते. मग खालचं गॅस्केट ब्लॉकवर ठेवून मार्किंग करा आन् ट्रान्सफर पोर्टाच्या (खालून मिश्रण वर पिस्टनच्या डोक्यावर जायच्या वाटेच्या) तोंडाशी जी पायरी राहते ती डाय ग्राइंडरनं (हातात धरायच्या घासायच्या मशीननं) हळूहळू काढा, दोन्ही बाजू सारख्याच पायजेत.

एक्झॉस्टला आरशासारखं पॉलिश चालतं, कार्बन कमी चिकटतो. इनटेकला (हवा-पेट्रोल आत यायच्या वाटेला) नको, तिथं जरा खरबरीतच बरं.

एक्झॉस्ट पोर्ट वर उचलायची लई घाई असते सगळ्यांना, पण अर्धा मिलिमीटर उचलला तरी पोर्ट उघडायचं-मिटायचं टायमिंग बदलतं, वरच्या आरपीएमला गाडी पळते आन् खालचा दम जातो, डबलसीट घाट चढताना लगेच कळतं, म्हणून रोजच्या गाडीला मी तर हातच लावू नका म्हणीन.

आन् पोर्टाच्या कडांना चॅम्फर मारल्याशिवाय (धार घासून तिरपी केल्याशिवाय) ब्लॉक बसवूच नका, धारदार कड राहिली की पिस्टनची रिंग अडकून तुटते, पिस्टन-बोअर दोन्ही जातात. नंतर साबणाच्या गरम पाण्यानं धुवून, पुसून लगेच बोअरला टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल लावा.