लीद, लेसन आणि डेअरीचं पुस्तक

२०२३ साली हांगझोऊच्या एशियाडमध्ये आपल्या ड्रेसाज (घोड्याला शिस्तीत, ठरलेल्या चालींत चालवायचा स्वारीचा खेळ) संघानं सोनं आणलं, आणि तेव्हापासून चिकोडी-रायबागकडची पोरंपोरी मला विचारतात, "अक्का, परदेशातल्या तबेल्यात शिकायला कसं जायचं?" प्रत्येकीला फोनवर तेच सांगून दमले, म्हणून एकदाच लिहिते.

घोडा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. माउलींच्या पालखीचे अश्व शितोळे सरकारांच्या अंकलीहून आळंदीला चालत निघतात, ते बघतच आपण वाढलो. खरारा, लगाम, नाल यावर मी काही शिकवणार नाही. मी बोलणार आहे कागदावर आणि पैशावर, कारण मी तिथंच फसले.

तिकडे जायची वाट आधी सांगून टाकते. इंग्लंडचा 'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम' नावाचा व्हिसा आहे. वय १८ ते ३०, हातात पदवी, बँकेत २८ दिवस पडून असलेले २,५३० पौंड. वर्षाला ३,००० जागा, त्याही लॉटरीनं. लॉटरीत नाव घालायला एक रुपया लागत नाही. 'भरून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका. नंबर लागला की व्हिसाची फी, दर वर्षाचे ७७६ पौंड आरोग्याचे आणि टीबीची तपासणी. तपासणीसाठी मी रात्रीच्या चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला गेले. माझ्या जन्मदाखल्यावर 'बेळगाम' आणि पासपोर्टवर 'बेळगावी', म्हणून गाव एकच असल्याचा कागद जिवापाड सांभाळत नेला. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

या व्हिसावर ग्रूमचं, म्हणजे आपल्या मोतद्दाराचं काम चालतं. व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून कमावता येत नाही. तिकडे गेल्यावर कुणी 'पोरांना शिकव, रोख देते' म्हटलं तर सरळ नाही म्हणा.

आता मुख्य गोष्ट. सावकाश वाचा.

तिकडे आपल्यासारखीला 'वर्किंग पुपिल' म्हणतात. काम करायचं, बदल्यात शिकवणी. ऑक्टोबर २०२४ मध्ये मी पोचले तेव्हा ठरलं होतं असं: राहायला खोली, आठवड्याला १२० पौंड आणि घोडेस्वारीचे चार लेसन. सगळं तोंडी. तबेल्याच्या मालकीणबाई प्रेमळ, कुत्री प्रेमळ, मीही हरखलेली. लेसनची किंमत त्या साठ पौंड सांगायच्या. चार लेसन म्हणजे २४०, वर १२०, वर खोली. मला वाटलं, लॉटरी दुसऱ्यांदा लागली.

पहिल्या आठवड्यात चार लेसन झाले. दुसऱ्यात दोन. मग एके दिवशी नालबंद आला, एके दिवशी घोडा लंगडला, एके दिवशी जमीन गोठली, शनिवारी स्पर्धा. यातलं एकही कारण खोटं नव्हतं आणि म्हणूनच मला भांडता येईना. त्यात माझा हात चपळ. सुरुवातीला आठ घोड्यांच्या खोल्या साफ करायचे, त्या बारा झाल्या. नीट काम करणारी पोरगी खाली जमिनीवर जास्त उपयोगाची असते, तिला खोगिरावर कोण बसवणार?

आमच्या घरी दूध डेअरीला जातं. रोजचं लिटर, फॅट पुस्तकात मांडायची सवय. तसंच एक पुस्तक मी लेसनचं घातलं: तारीख, घोडा, किती मिनिटं, कोणी शिकवलं. जानेवारीअखेर बेरीज केली. १५ आठवडे, कबूल ६०, मिळाले १७. बेरीज करून मी त्या खोलीत रडले, खोटं कशाला सांगू.

पण खरा खड्डा त्याच्याही पुढे होता. एका स्पर्धेत भेटलेल्या आयरिश ग्रूमला हिशोब दाखवला, तर ती म्हणाली, हे साठही मिळाले असते तरी चुकलंच होतं. तिथल्या कायद्यात किमान मजुरीत लेसन धरताच येत नाहीत. जेवण नाही, आपला घोडा ठेवायची जागा नाही, काही नाही. फक्त राहायची खोली, तीही ठरलेल्या रकमेपर्यंत. तेव्हा २१ वर्षं आणि त्यावरच्यांना दर ताशी ११.४४ पौंड होता. माझे तास ४८, म्हणजे ५४९ पौंड. खोलीचे जास्तीत जास्त दिवसाला ९.९९ कापले तरी हातात ४७९ यायला हवे होते. येत होते १२०. रीतसर अप्रेंटिसशिपचा दर वेगळा असतो, पण माझी तशी नोंदणी कुठेच नव्हती. 'पुपिल' म्हटल्यानं मजूर विद्यार्थी होत नाही.

मग सोडलं का नाही? कारण मला वाटायचं, मालकीणबाई व्हिसा रद्द करतील. हा व्हिसा मालकाला बांधलेलाच नसतो! जागा बदलता येते, कुणाला विचारावं लागत नाही. हे मला आधी कळलं असतं तर दिवाळीलाच निघाले असते. नोकरीतल्या हक्कांवर सल्ला देणाऱ्या 'एकास' (Acas) नावाच्या संस्थेची मोफत हेल्पलाइन आहे, ब्रिटिश ग्रूम्स असोसिएशन आहे. फोन करायला लाजू नका. मी लाजले.

जायच्या आधी ईमेलवर चारच गोष्टी मागा: तास, ताशी दर, खोलीचे किती कापणार, आठवड्याची सुटी. लेसन मिळाला तर तो वरकड. आणि आधीच्या वर्किंग पुपिलचा नंबर मागा. ती आता कुठे आहे, यावरून त्या तबेल्याबद्दल जेवढं कळतं तेवढं मालकाच्या भिंतीवरच्या पदकांवरून कळत नाही. मोठा स्वार मोठा शिक्षक असतोच, असं मला तरी दिसलं नाही.

घाबरवलं असेल तर थोडं थांबा. डिसेंबरात आठला उजाडतं, चारला अंधार, बादल्यांतल्या पाण्यावर बर्फ, ब्लँकेटचे बकल गोठलेले. पण त्याची सवय होते. बसता येत नाही हे कळतं, तेव्हा जास्त लागतं. मी गावच्या घोड्यावर पाठीवर काही न टाकता बसलेली, नंतर बेंगळुरूला दोन वर्षं शिकलेली. तरी तिथं रिकिबी काढून घेतल्या आणि लांब दोरीवर गोल गोल दुडकी. सहा आठवडे. त्याचा राग धरू नका, त्यातला एकही लेसन वाया गेला नाही.

आप्पा फोनवर म्हणायचे, "लीद काढायला इंग्लंडला कशाला जायाला पायजे? शेण काढायला आपला गोठा हायच की." लीद काढताना घोडा कळतो, हे त्यांना मी अजून पटवू शकलेले नाही.

फेब्रुवारीत दुसऱ्या तबेल्यात गेले. पगार कायद्याचा, लेसन मंगळवार-शुक्रवार, त्याचे पैसे मी मोजून देते. तिथल्या साठीच्या हेड ग्रूमबाई रोज सकाळी घोड्याच्या चारी पायांवरून हात फिरवायला लावतात. कुठे ऊब जास्त लागली तर आधी तोंडानं सांगायचं, मग त्या तपासणार. तीनदा चुकले, चौथ्यांदा बरोबर निघालं. त्या दिवशी बिस्किटांचा डबा माझ्याकडे सरकला.

जूनमध्ये आप्पांनी अंकलीहून अश्व निघाल्याचा व्हिडिओ पाठवला. बाईंना दाखवला. त्यांनी आवाज बंद करून तीनदा पाहिला आणि विचारलं, "डांबरावरून एवढं चालतात, मग वाटेत नाल कोण बघतं?"

मला सांगता येईना. आप्पांना विचारून ठेवलंय.